बेळगावहून बेंगळूरला नोकरीला जाताना: कागदावर ६ लाख, हातात किती आणि सुरुवातीला रोकड किती न्यायची?

खानापूरची_लेक

नमस्कार सगळ्यांना. यंदा बीई झालं, बेळगावातच शिकले. कॅम्पसमधून बेंगळूरला नोकरी लागली आहे, ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत, पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला जॉइनिंग. ऑफर लेटरवर वर्षाला ६ लाख लिहिलंय, त्यामुळे घरात आणि गल्लीत सगळे म्हणतात महिन्याला ५० हजार म्हणजे लई झालं. आमचं गाव खानापूर तालुक्यात, बाबांची थोडी भातशेती आणि दोन म्हशी, आई घरीच, भाऊ बारावीला. माझं एज्युकेशन लोन ४ लाखांचं आहे.

मी वहीत हिशोब मांडलाय तो असा: राहायला १०, जेवण ५, जाणंयेणं २, वरखर्च ५, घरी १५, लोनचा हप्ता ७ आणि शिल्लक ६. म्हणजे बरोबर ५० हजार. आजवर आमच्या घरातलं कुणी नोकरीसाठी शहरात राहिलेलं नाही त्यामुळे विचारायला कुणी नाही. पीजी (पेइंग गेस्ट) बघू की मैत्रिणींबरोबर फ्लॅट, जाताना रोख किती लागतील, आणि हा हिशोब बरोबर बसतोय का ते सांगा. दुसरं म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, एका कारखान्यात डिझाइनला २२ हजारांची जागा आहे, तेही विचारात आहे.

शहापूरकर_बेंगळूरात

अभिनंदन! हिशोब मांडून विचारतेस हेच मोठं काम झालं. पण त्यातली पहिली ओळच बदलावी लागणार, ५० हजार हातात येत नाहीत.

६ लाख म्हणजे सीटीसी, कंपनीला तू वर्षाला केवढ्याला पडतेस तो आकडा. त्याला १२ नी भागायचं नाही. ऑफर लेटरच्या शेवटी एक तक्ता असतोय तो काढ. साधारण असं असतंय बघ: बेसिक म्हणजे मूळ पगार सीटीसीच्या निम्मा, महिन्याला २५ हजार. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे ३ हजार, हा तुझ्या सीटीसीतच धरलेला असतोय. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे साधारण १२००, ती पण त्यातच, आणि नेहमीच्या नियमाने ती मिळायला पाच वर्षं नोकरी करावी लागते. मेडिकल इन्शुरन्सचे समज ५००. आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, १० टक्के असेल तर ५ हजार महिन्याला कमी, ते वर्षाच्या शेवटी येणार, पूर्ण येईलच असं नाही. आता ५० तून हे सगळं वजा कर, ४०,३०० राहिले. त्यातून परत तुझा स्वतःचा पीएफ ३ हजार आणि प्रोफेशनल टॅक्स २०० जाणार (फेब्रुवारीत ३००). हातात ३७,१००.

इन्कम टॅक्सची काळजी नको, नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर बसत नाही.

काही कंपन्या पीएफ बेसिकच्या १५ हजारांवरच कापतात, तेव्हा ३ हजारांऐवजी १८०० जातात. तुझ्या तक्त्यात काय आहे बघ आणि इथं आकडे टाक.

खानापूरची_लेक

दादा आत्ता तक्ता काढून बघितला. बेसिक २५ हजारच आहे, पीएफ पूर्ण १२ टक्के, व्हेरिएबल १० टक्के "कामगिरीनुसार". म्हणजे तुम्ही म्हणताय तेच, ३७ हजार. माझ्या हिशोबातले १३ हजार एका झटक्यात गेले. बाबांना अजून सांगितलं नाही.

अनगोळची_अक्का

बाबांना आजच सांग, पहिला पगार जमा झाल्यावर नको. त्यांनी मनात १५ हजार धरून काहीतरी ठरवलं असेल, भावाची क्लासची फी नाहीतर घरावरचे पत्रे, आणि मग तू तिकडे जेवण तोडून पैसे पाठवत बसशील. माझ्या रूमवर अशा दोन मुली होत्या, रात्री बिस्किटावर झोपायच्या पण घरी आकडा कमी सांगायच्या नाहीत. ते बघवत नव्हतं.

मी इलेक्ट्रॉनिक सिटीतच काढले सुरुवातीचे दिवस, म्हणून राहण्याबद्दल सविस्तर लिहिते.

पहिले सहा महिने तरी पीजीच घे. फ्लॅट महिन्याला स्वस्त दिसतो पण आत जायलाच पैसे लागतात. तिघींनी मिळून ३० हजारांचा टू बीएचके घेतला असं धर. बेंगळूरला पूर्वीपासून दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट घ्यायची रीत आहे, आता बरेच मालक पाच-सहा महिन्यांवर तयार होतात. केंद्राच्या मॉडेल टेनन्सी कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांचीच मर्यादा म्हटलीय, पण मालक ते ऐकत नाहीत. पाच महिने धरले तरी दीड लाख, म्हणजे एकेकीला ५० हजार. वर ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, पहिल्या महिन्याचं भाडं, गॅस, गादी, भांडी, फॅन नसेल तर फॅन. एकेकीला ८०-८५ हजार घेऊनच उभं राहावं लागतं.

आणि सोडताना पेंटिंगच्या नावावर एक महिन्याचं भाडं कापून घेतात, भिंतीवर एक खिळा मारला नसला तरी. अॅग्रीमेंटमध्ये तसं लिहिलेलंच असतं. आता ११ महिन्यांत सोडलं तर ३० हजार भागिले ११ भागिले तिघी म्हणजे एकीला महिन्याला ९०० रुपये पेंटिंगचे, आणि तेवढेच ब्रोकरचे. म्हणजे १० हजारांचं भाडं खरं तर ११,८०० ला पडलं, लाइट पाणी वेगळंच. दोन-तीन वर्षं एका जागी राहणार असशील तर हा बोजा कमी होत जातो, पण नवीन नोकरीत तीन वर्षं कुणी सांगावं.

पीजीला डबल शेअरिंग, जेवणासकट, त्या भागात १० हजारांच्या आसपास जमतं. डिपॉझिट बहुतेक एक महिन्याचं. पण तिथंही बघून घे: सोडताना "मेंटेनन्स" म्हणून किती कापणार ते आधी विचार आणि पावतीवर लिहून घे, नोटीस किती दिवसांची ते विचार. जागा बघायला संध्याकाळी सात-आठला जा, तेव्हा सगळ्या मुली परत आलेल्या असतात, नळाला पाणी किती येतं, गरम पाण्याला रांग लागते का, जेवणात काय आहे हे तेव्हाच कळतं. दुपारी गेलं की सगळं चकचकीत दिसतं. आणि आतल्या दोन मुलींशी मालकिणीच्या मागे बोल, त्या खरं सांगतात.

हिंडलगा_२२

अक्कांनी लिहिलंय त्यात भर: आपल्याला कन्नड येतं हा तिकडे पैशातला फायदा आहे, नुसता बोलण्यातला नाही. मी विजयनगरला घर शोधलं ते गेटवर टांगलेले टू-लेटचे बोर्ड बघत फिरून, मालकाशी थेट कन्नडात बोललो, ब्रोकरचा एक महिना वाचला आणि डिपॉझिट पण खाली आलं. आपलं कन्नड ऐकून "हुबळी कडेचे काय" म्हणून विचारतात, मग चहा होतो.

टिळकवाडी_काका

मी वयाने मोठा आहे म्हणून स्पष्ट लिहितो, कुणी राग मानू नये.

हातात ३७ हजार. राहणं, खाणं, फिरणं, कपडालत्ता, वीस हजार कुठं गेले नाहीत. उरले १७. आता उद्यमबागेतली २२ ची जागा बघा. हातात २० येतील. मुलगी घरी राहणार, खानापूर-बेळगाव सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, दुपारचा डबा घरचा, वरखर्च पाच हजार धरा, १५ हजार उरतात. म्हणजे एवढं घर सोडून, आईबापाला सोडून, महिन्याला दोन-अडीच हजारांसाठी जायचं? आमच्या बेळगावच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉपमधून शिकलेली माणसं आज मोठमोठ्या कंपन्यांत आहेत. इथं काम शिकायला मिळत नाही असं कुणी म्हणू नये.

माझी स्वतःची मुलगी बेंगळूरला आहे म्हणून बोलतो. पैसा दिसतो, पण तो तिथंच मुरतो.

शहापूरकर_बेंगळूरात

काका तुमचा आकडा बरोबर आहे आणि तो कुणीतरी मांडायलाच हवा होता. पहिल्या वर्षी फरक खरंच एवढासाच असतो, सीटीसी बघून उड्या मारणाऱ्यांना तो दिसत नाही.

पण दोन गोष्टी त्यात धरल्या नाहीत. तिचे स्वतःचे ३ हजार आणि कंपनीचे ३ हजार असे ६ हजार महिन्याला पीएफमध्ये जमा होणार, ते हातात नाहीत पण तिचेच आहेत. उद्यमबागेत पीएफ किती धरतात ते विचारावं लागेल, कमी बेसिक दाखवलं तर फारच थोडा होतो. दुसरं, तिसऱ्या वर्षी काय? सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलली की पगार चांगला वाढतो आणि पीजीचं भाडं तेवढ्या पटीत वाढत नाही, तेव्हा खरी शिल्लक पडायला लागते. तिला डिझाइनचीच आवड असेल, मेकॅनिकल असेल, तर मात्र तुमचं म्हणणं मलाही पटतं, मग उद्यमबागच.

खानापूरची_लेक

काका, राग कशाचा, उलट तुम्ही मांडल्यावरच मला कळलं की दोन्हीत काय फरक आहे. मी कॉम्प्युटर सायन्सची आहे, उद्यमबागेतली जागा ओळखीतून आलेली, त्यात माझं शिक्षण फारसं वापरात येणार नाही. त्यामुळे जायचं ठरतंय. पण अडीच हजारांचा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

टिळकवाडी_काका

मग जा बाळ. कॉम्प्युटरची असशील तर इथं थांबवणं बरोबर नाही. मग आता जाताना पैसे किती न्यायचे त्याचं बघा, माझ्या मते पहिले दोन महिनेच अवघड असतात, पुढं माणूस रुळतो.

अनगोळची_अक्का

काकांनी नेमकी जागा दाखवली. आम्ही सगळे महिन्याचं बजेट विचारतो, पण मुलं अडकतात ती पहिल्या सहा आठवड्यांत.

तुझं जॉइनिंग १८ तारखेला आहे ना, हे नीट बघ. बऱ्याच कंपन्यांत महिन्याच्या मध्यानंतर जो जॉइन होतो त्याचा पगार त्या महिन्यात निघत नाही, पुढच्या महिन्याच्या शेवटी एकदम येतो. एचआरला मेल करून कट-ऑफ तारीख विचार, यात लाजायचं काही नाही. तसं असेल तर १८ पासून पुढच्या महिन्याच्या ३०-३१ पर्यंत तुझ्या खात्यात एक रुपया येणार नाही.

तेव्हा पीजी डिपॉझिट १० हजार, पहिल्या महिन्याचे १०, आणि पगार यायच्या आधीच दुसऱ्या महिन्याचे पण १०, तीस इथंच झाले. बेडशीट, बादली, कुलूप, इस्त्री, छोटी किटली असं करत ३ हजार जातात. ऑफिसचे दोन-तीन चांगले ड्रेस आणि पायात काहीतरी धड, ते बेळगावातूनच घे, खडेबाजारात निम्म्यात होतं, तरी ३ धर. बाहेरचं खाणं, बस, रिक्षा ५ हजार. औषध, मोबाइल २ हजार. आणि ७ हजार असे की ज्यांना हात लावायचा नाही, कधी पीजी आवडली नाही आणि रातोरात दुसरीकडे जायची वेळ आली तर. ५० हजार झाले. एवढे नेलेस तर पहिला पगार येईपर्यंत कुणाकडे मागायची वेळ येणार नाही.

खानापूरची_लेक

५० हजार ऐकून धस्स झालं. घरी भात विकून आलेले थोडे आहेत पण ते पेरणीचे. काय करायचं?

निपाणी_ते_पुणे

मी पुण्यात आहे पण हे सगळीकडे सारखंच. पहिलं काम, एचआरला रिलोकेशन अलाउन्स किंवा पहिल्या आठवड्याची राहायची सोय आहे का ते विचार. पुष्कळ ठिकाणी असते पण आपण विचारत नाही म्हणून मिळत नाही. फक्त वर्षाच्या आत सोडलं तर परत करायची अट असते ती वाच.

दुसरं, आईची भिशी असेल तर तिचा नंबर पुढं घेता येतो का बघा, बायका आपसात अदलाबदल करतात. नाहीतर गावच्या सोसायटीतून किंवा पतसंस्थेतून बाबांच्या नावावर ३०-४० हजार सहा महिन्यांसाठी घ्या, व्याज लागेल पण माणसं ओळखीची. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी अॅप मात्र अजिबात नको. प्रोसेसिंग फी आधीच कापतात, हप्ता चुकला की तुझ्या फोनमधल्या सगळ्यांना फोन लावत बसतात. माझ्या ओळखीच्या पोराच्या घरी, त्याच्या मामाला, ऑफिसातल्या बॉसला सुद्धा फोन गेले होते.

कुणी पुण्याला येणार असेल तर त्याच्यासाठी: डिपॉझिट इकडे कमी, एक-दोन महिन्यांचं, कधी तीन. पण हिंजवडीला नोकरी आणि स्वस्त म्हणून नऱ्हे-कात्रजला खोली असं करू नका, बेळगावच्या गाड्या स्वारगेटहून सुटतात म्हणून आपली पोरं त्या बाजूला राहतात आणि रोज तीन तास रस्त्यावर घालवतात. आणि केए-२२ ची, म्हणजे बेळगाव नोंदणीची, गाडी आणली तर चौकात थांबवतात हे धरूनच चाला. १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एनओसी काढून इकडे नोंदणी करावी लागते, टॅक्स परत भरावा लागतो, आणि तिकडचा परत मिळवायला आरटीओच्या फेऱ्या. त्यापेक्षा इथलीच जुनी गाडी घ्या.

गणपत_गल्ली_ते_ठाणे

मुंबईचं थोडक्यात. लोकलचा सेकंड क्लासचा पास महिन्याला काही शे रुपयांत होतो, प्रवास हा इथला सगळ्यात स्वस्त खर्च. म्हणून लोक घर लांब घेतात. पण स्टेशनपासून घर चालत असलं पाहिजे, रोज दोन्ही बाजूला रिक्षा लागली तर पासाच्या कितीतरी पट ती खाते.

वडगावची_माया

आता बसचं मी सांगते कारण पुरुषमंडळी हे विसरतात. शक्ती योजना जून २०२३ पासून आहे, कर्नाटकातल्या पत्त्याचं आधार दाखवलं की बीएमटीसीच्या, म्हणजे बेंगळूरच्या सिटी बसच्या, साध्या गाडीला तुला तिकीट नाही, कंडक्टर झिरो तिकीट देतो. एसी वज्रला चालत नाही. ऑफिस आणि पीजी एकाच बसच्या रस्त्यावर निवडलंस तर तुझं जाणंयेणं जवळजवळ फुकट. गावी येताना पण लाल साध्या बसला फुकट आहे, मात्र ५०० किलोमीटर बसून यायचं, पाठ मोडते. राणी चन्नम्मा एक्सप्रेसच बरी, रात्री बसलं की सकाळी पोच, स्लीपरला साडेतीनशे-चारशे पडतात. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत पण झालीय पण ती दिवसा, तिकीट हजाराच्या वर, घाई असेल तेव्हाच.

जाताना एक कर, शेवटच्या स्टेशनला न जाता यशवंतपूरलाच उतर. तिथून हिरव्या लाइनची मेट्रो, आरव्ही रोडला बदलून पिवळी लाइन, ती थेट इलेक्ट्रॉनिक सिटीतून बोम्मसंद्राला जाते. ही लाइन पण ऑगस्ट २०२५ लाच सुरू झाली, त्याआधी सिल्क बोर्डच्या सिग्नलला आमचं आयुष्य गेलं. पिशव्या घेऊन रिक्षा केली तर यशवंतपूरहून तिकडे जायला मुकाट पाच-सहाशे मोजावे लागतात.

मेट्रो मात्र स्वस्त नाही हं. फेब्रुवारी २०२५ ला भाडं वाढलं, लांबचं तिकीट ९० रुपयांपर्यंत गेलं. रोज ये-जा केलीस तर महिन्याला तीन-चार हजार. स्मार्ट कार्डाला ५ टक्के सूट असते, तेवढीच. म्हणून मेट्रो सणासुदीला, रोजचं बसने किंवा चालत.

आणि पीजीचं जेवण! बहुतेक आंध्र पद्धतीचं, भात सांबार भात रसम. आपल्याला भाकरी लागते. उत्तर कर्नाटकच्या खानावळी राजाजीनगर, विजयनगर, मल्लेश्वरम भागात आहेत, ज्वारीची भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी), शेंगाचटणी सगळं मिळतं, पण तुझ्यापासून लांब. घरून चटणी, लोणचं, सांडगी मिरची भरपूर ने, त्यावर भात पण उतरतो, नाहीतर रोज रात्री अॅपवरून मागवायची सवय लागते आणि तिथंच पैसा गळतो. दीडशेची थाळी घरी येईपर्यंत सव्वादोनशे होते. सकाळी दर्शिनीत उभ्याने इडली खाल्लीस तर स्वस्तात भागतं.

खानापूरची_लेक

सगळ्यांचं वाचून परत वही घेतली. रात्री बाबांना पण वाचून दाखवलं, आकड्यासकट. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले भावाच्या फीचं मी बघतो, तू आधी नीट राहा. आईने भिशीच्या बायकांशी बोलायचं ठरवलंय.

नवीन हिशोब, ३७,१०० धरून: पीजी जेवणासकट १०,५००, बाहेरचं खाणं ३ हजार, जाणंयेणं १,२००, मोबाइल ४००, साबण कपडे औषध २ हजार, लोन ७ वर्षांचं १० टक्क्यांनी ६,७०० च्या आसपास बसतं, घरी ५ हजार. २८,८०० झाले, ८,३०० शिल्लक. आता बरोबर वाटतंय का?

शहापूरकर_बेंगळूरात

आता हिशोब जमिनीवर आला. दोनच बदल सुचवतो.

एक, त्यात गावाचा खर्च नाही. गणपतीला येणार, दिवाळीला येणार, शिवजयंतीच्या चित्ररथांना मैत्रिणी बोलावणार, आणि गावच्या लक्ष्मीची यात्रा त्या वर्षात आली तर पाव्हण्यांचं जेवण, साड्या, सगळ्यांच्या नजरा कमावत्या लेकीकडे. दोन लग्नं तरी असतातच. हे वर्षाला ३० हजार सहज होतात. ते एकदम आले की क्रेडिट कार्ड निघतं. म्हणून महिन्याला २,५०० वेगळ्या खात्यात टाकत जा, पगार झाला त्याच दिवशी. म्हणजे खरी शिल्लक ५,८००. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, गणपतीची तारीख कॅलेंडरात बघून त्या दिवशी सकाळीच काढ. राहिलं की खाजगी स्लीपर बसला सणात दुप्पट तिप्पट द्यावे लागतात.

दोन, लोन. शिक्षण संपल्यावर बहुतेक बँका एक वर्षाची सवलत देतात, हप्ता लगेच सुरू होत नाही. पण व्याज चालूच असतं, आणि वर्ष संपलं की ते मुद्दलात मिसळतं. तेव्हा पहिल्या वर्षी पूर्ण ६,७०० भरायची गरज नाही, पण ४ लाखांवरचं व्याज, महिन्याला ३,३०० च्या आसपास, तेवढं भरत राहिलीस तर मुद्दल फुगत नाही. वाचलेले ३,४०० आधी भिशी-सोसायटीचं फेडायला वापर, ते फिटलं की शिल्लक. बँकेत जाऊन तुझ्या सँक्शन लेटरवर नेमकं काय लिहिलंय ते मॅनेजरला विचार, लेटर बरोबर घेऊन जा.

आणि घरी ५ हजार पहिल्या महिन्यापासून नको, चौथ्या महिन्यापासून.

टिळकवाडी_काका

चौथ्या महिन्यापासून हे मला पटायला वेळ लागला, पण बरोबर आहे. आमच्या वेळी पहिला पगार आईच्या हातात द्यायची पद्धत. पहिल्या पगारातून आईला एक साडी आणि देवाला नारळ एवढं कर बाळ, बाकी पैसे आधी स्वतःच्या पायाखाली राहू दे.

हिंडलगा_२२

पुढं कधी फ्लॅट घेतलाच तर दोन गोष्टी विचार. पाणी कावेरीचं आहे की बोअर-टँकरचं. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा टँकरवाल्या बिल्डिंगांत पाण्याचे पैसे भाड्याच्या वर गोळा करत होते. आणि लाइटचं मीटर स्वतंत्र आहे का. राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत लाइटच्या २०० युनिटपर्यंतची सवलत भाडेकरूला पण आहे, आधार आणि मीटरचा अकाउंट नंबर लागतो, पण मालकाने सगळ्या खोल्यांना एकच मीटर आणि आत सबमीटर लावले असतील तर तुला काही मिळत नाही, तो सांगेल तो दर.

खानापूरची_लेक

लिहून घेतलं. एक शेवटचं, माझी स्कूटी आहे, केए-२२. नेऊ का? बाबा म्हणतात विकून टाक, ३० हजार तरी येतील आणि त्यातच जायचा खर्च निघेल. आईचा जीव आहे तिच्यावर, दूध डेअरीला घेऊन जाते ती.

वडगावची_माया

आई चालवत असेल तर विकायचं नाव काढू नको, डेअरी रोजची आहे. तुला तिकडे पहिले सहा महिने लागणारच नाही.

निपाणी_ते_पुणे

नंतर न्यायची झाली तर बेंगळूरला नोंदणी बदलायची भानगड नाही, राज्य एकच. बेळगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन जायचं, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढून, गोणपाटात नीट बांधून, वर नाव आणि कुठून कुठं ते मोठ्या अक्षरात लिहून. आरसे काढून बॅगेत घे, ते फुटतात.

खानापूरची_लेक

स्कूटी आईकडेच राहू दे मग. एचआरचं उत्तर आत्ता आलं, कट-ऑफ १५ तारीख आहे, म्हणजे पगार पुढच्या महिन्याच्या शेवटीच. पण पहिले सात दिवस कंपनीच्या गेस्ट हाउसला राहता येईल म्हणाले, विचारलं म्हणून सांगितलं. त्या सात दिवसांत संध्याकाळी पीजी बघत फिरते. अक्का, कुठल्या बाजूपासून सुरू करू?

अनगोळची_अक्का

ऑफिस फेज वनला असेल तर नीलाद्री रोड आणि दोड्डतोगूरूच्या बाजूने सुरू कर, पीजी ओळीने आहेत आणि चालत ऑफिस गाठता येतं. फेज टू असेल तर मला इथं सांग, तिकडच्या दोन गल्ल्या रात्री अंधाऱ्या आहेत, त्या कोणत्या ते मेसेज करते.